आवाज गेला

बाबांचा कान ताईला मिळाला आणि बाबांचं गॅरेज धाकट्याला मिळालं. घरात याला कुणी वाटणी म्हणत नसे, पण झालं ते असं झालं.

ताई दहा वर्षांची असताना बाबा तिला इंजिनापाशी स्टुलावर उभी करायचे. लोखंडी सळईचं एक टोक इंजिनावर टेकवायचे, दुसरं तिच्या कानामागच्या हाडावर, आणि विचारायचे, "काय म्हणतंय?"

"खरखरतंय."

"कुठे?"

"खालच्या पुलीत."

बाबा पुली उतरवायचे आणि आतलं बेअरिंग खरंच गेलेलं निघायचं. गिऱ्हाइकं तोंडात बोट घालायची. धाकटा तेव्हा कोपऱ्यातल्या टायरवर बसून बिस्किटं खात असायचा. आवाज आणि गोंगाट यांतला फरक त्याला तेव्हा कळत नव्हता, आणि खरं सांगायचं तर पन्नाशीला टेकला तरी कळला नव्हता. पण वंशाचा दिवा तो. ताई एकविसाची झाल्यावर बाबांनी तिला शहराच्या पाणीपुरवठ्याच्या पंपहाउसात चिकटवून दिलं. "सावलीतली नोकरी आहे, हात काळे होणार नाहीत," म्हणाले. आणि त्याच वर्षी गॅरेजवर बोर्ड चढला: मोठे मिस्त्री आणि चिरंजीव.

पंपहाउसात ताईने एकतीस वर्षं काढली. सहा मोठे पंप, दर तासाला दाबाची नोंद, तळहाताची मागची बाजू लावून बेअरिंगचा ताप बघायचा. जिना चढतानाच तिला कळायचं की आज चार नंबर कुरकुरतोय. साहेब हसायचे, "ताई, तुम्हाला पगार कानाचा द्यायला हवा." देत मात्र हाताचाच होते.

इकडे धाकट्याने जुन्या स्पोर्ट्‌स गाड्यांचं काम धरलं. हौशी लोकांच्या गाड्या, गुडघ्याएवढ्या उंचीच्या, लाडावलेल्या. बोलण्यात तो वाकबगार होता, कपडे स्वच्छ ठेवायचा, आणि बाबांचं नाव पाठीशी होतंच. त्यामुळे छोटे मिस्त्री म्हणून त्याचं बरं चाललं होतं. अडलं की ताईला फोन. ताई फोन ठेवून स्वतःशी म्हणायची, "अडला हरी..." आणि म्हणीचा पुढचा भाग गिळायची, कारण त्या हिशेबाने गाढव तीच ठरत होती. तरी जायची. पाळी संपल्यावर, गिऱ्हाईक नसताना, मागच्या दाराने. बिघाड सांगायची, चहा प्यायची, घरी यायची. दुसऱ्या दिवशी धाकटा गिऱ्हाइकाला सांगायचा, "दोन दिवस डोकं खपवलं साहेब, तेव्हा कुठे सापडलं."

बाबा सगळं बघत असायचे. वय ब्याऐंशी, गुडघे गेलेले. गॅरेजच्या दारात त्यांची खुर्ची असे. ते कधी काही बोलले नाहीत.

त्या गुरुवारी फोन आला तेव्हा धाकट्याचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता.

"ताई, एक गाडी आहे. पाण्याचा आवाज येतो. तीनदा हवा काढली, पंप बदलला, थर्मोस्टॅट बदलला. चार दिवस बरी असते, की पुन्हा येरे माझ्या मागल्या."

"कुणाची?"

"दातांच्या डॉक्टरीणबाई आहेत ना, चौकात दवाखाना आहे त्यांचा. शनिवारी त्यांना घाट चढून बहिणीकडे जायचंय. त्याच गाडीने. बहिणीच्या साठीला."

ताई गेली. गाडी अठ्ठावीस वर्षांची, दोन माणसांची, गडद लाल. विझले की आत जाऊन डोळे मिटून घेणारे दिवे. इंजिन पुढे नाही, आसनांच्या मागे. अशा गाडीत रेडिएटर नाकाशी आणि इंजिन पाठीशी, त्यामुळे गार करणारं पाणी पोटाखालच्या दोन लांब पाइपांतून पुढेमागे हिंडत असतं. त्या लांबणीत कुठेही हवा कोंडली की पाणी खळखळतं. असल्या गाड्यांची हवा काढताना भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात.

ताईने पदर खोचला आणि धाकट्याला गाडी सुरू करायला सांगितली. स्वतः आत बसून डॅशबोर्डला कान लावला. आवाज लगेच आला. हीटरच्या आत, डावीकडून उजवीकडे, बाटलीतून पाणी ओतावं तसा. मग ती मागे गेली, सळई नव्या पंपावर टेकवली.

"हा पंप ठीक आहे," ती म्हणाली. "जुनाही ठीकच असणार. काय ऐकून बदललास?"

"लोक म्हणतात पंपच जातो."

"लोक म्हणतात!"

दोघांनी मिळून पुन्हा हवा काढली. गाडीचं नाक जॅकवर चढवलं, हीटर पूर्ण उघडला, पारदर्शक नळी लावून थेंब थेंब पाणी ओतत बसले. नळीतून बुडबुडे येत राहिले, मग बारीक झाले, मग थांबले. पाऊण तासाने गाडी मांजरासारखी गुरगुरायला लागली, दुसरा कुठला आवाज नाही. धाकटा खूश झाला. "झालं! हात तुझाच लागायला हवा होता."

"थांब," ताई म्हणाली. "हवा काढली खरी. पण ती आत येते कुठून? पाणी कुठे गळत नाही, जमीन कोरडी आहे. उद्या सकाळी माझ्याआधी कुणी इंजिन सुरू करायचं नाही."

शुक्रवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. सकाळी गाडी गारठलेली होती. ताईने मागचं झाकण उघडलं आणि पाण्याचा वरचा जाड पाइप चिमटीत धरला. गार इंजिनाचा पाइप लोळागोळा असायला हवा. हा टणक होता, फुगलेला. तिने पाण्याच्या टाकीचं टोपण सावकाश फिरवलं. गाडी काल संध्याकाळपासून बंद, तरी आतून फुस्स करून दाब सुटला.

तिला तिथेच कळलं, पण बाबांनी शिकवलं होतं, कानाने ओळखायचं आणि डोळ्याने खात्री करायची. तिने कपाटातली काचेची नळी काढली, तीत निळं पाणी भरलं, टोपणाच्या तोंडावर बसवली आणि इंजिन चालू करायला लावलं. सिलिंडरातला जळका वायू पाण्यात शिरत असेल तर हे निळं पाणी रंग बदलतं. दोन मिनिटांत ते हिरवट झालं. चौथ्या मिनिटाला पिवळं.

धाकटा बघत राहिला. इंजिनाचं डोकं आणि धड यांच्यामध्ये जी चपटी गॅस्केट असते ती फुटली होती. तिथून वायू पाण्यात घुसत होता, तोच हीटरमध्ये जाऊन खळखळत होता. हवा शंभरदा काढली तरी शंभरदा येणार होती.

"हेड आधी उघडलं होतंस?" ताईने विचारलं.

"गेल्या वर्षी. गॅस्केट नवीन टाकली होती."

"हेड मशीनवर घासून सपाट करून आणलं होतंस?"

धाकटा फडक्याने हात पुसायला लागला. हात स्वच्छच होते.

"अरे, मी विचारतेय."

"मशीनवाला आठ दिवस थांब म्हणाला होता. हेड दिसायला सरळ होतं. पट्टी लावून बघितलं मी."

"आणि बोल्ट?"

जुनेच ताणलेले बोल्ट पुन्हा आवळले होते हे त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून कळत होतं.

"ही गाडी घाटात जाता कामा नये," ताई म्हणाली. "डॉक्टरीणबाईंना फोन कर. सांग, हेड उघडावं लागेल, दोन आठवडे लागतील."

"आणि काय सांगू? मागच्या वर्षी मी वरवरचं केलं म्हणून? त्यांचे निम्मे पेशंट माझे गिऱ्हाईक आहेत, ताई. तिथे खुर्चीत बसून लोक तासन्‌तास बोलतात. गावभर होईल."

"तोंड उघडं ठेवून कुणी बोलत नाही तिथे."

तो हसला नाही. "चार दिवस बरी राहते ना? जाऊन येऊन दोन दिवस. सोमवारी मी स्वतःहून बोलावतो, म्हणतो कायमचा बंदोबस्त करू, आणि हेड नीट करून देतो. कुणाला कळणारही नाही."

"चार दिवस सपाट रस्त्यावर बरी राहते. घाटात इंजिनावर जोर येतो."

तेव्हा दारातल्या खुर्चीतून बाबा बोलले. इतक्या वर्षांत गॅरेजात ताईच्या बाजूने किंवा विरुद्ध ते पहिल्यांदाच बोलत होते.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. घरचं घरात राहू दे."

"बाबा, तुम्ही सोडली असतीत ही गाडी?"

बाबांनी काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि म्हणाले, "पुढच्या महिन्यात बोर्ड नवा रंगवायचाय. याला मी सांगितलंय. या वेळी दोघांची नावं येतील. तुझी नोकरी किती राहिलीय आता? मग ये इथे राजरोस, पुढच्या दाराने."

ताईने धाकट्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, घाईघाईने. बाबांनी त्याला खरंच सांगितलं होतं की हे आत्ताच, या क्षणी ठरत होतं, ते तिला कळेना. कळून घ्यायची तिची इच्छाही नव्हती. बावन्न वर्षांची बाई, नातवंडं व्हायच्या वयाची, आणि लहान मुलीला खाऊ दाखवावा तशी ती एकदम हरखली. या गोष्टीची तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

"सोमवारी नक्की उघडशील?" तिने विचारलं.

"तुझी शपथ."

तिने काचेची नळी धुतली, पुसली आणि कपाटात ठेवली.

दुपारी डॉक्टरीणबाई आल्या. साठीच्या आसपास, बारीक केस, चटपटीत. गाडी बघून त्यांचा चेहरा असा उजळला की ताईने दुसरीकडे पाहिलं. बाईंनी चावी फिरवली, दोन मिनिटं डोळे मिटून ऐकलं.

"अगं बाई, खरंच गेला की! मिस्त्री, तुम्ही जादूगार आहात. दोन दिवस मला वाटत होतं, बसनेच जावं लागतंय."

"दोन दिवस डोकं खपवलं मॅडम," धाकटा म्हणाला.

बाईंचं लक्ष ताईकडे गेलं. "या कोण?"

"आमची ताई. बाबांना भेटायला आलीय."

"अच्छा." त्या हसल्या. मग मोकळ्या स्वभावाच्या माणसाने ओळख नसतानाही बोलावं तसं म्हणाल्या, "तुम्ही सांगा हो, मिस्त्री लोकांच्या बोलण्याचा काही भरवसा नाही. आवाज गेला ना?"

ताईला एक श्वास घेण्याइतका वेळ होता. धाकट्याने पाना हातात घट्ट धरला होता. बाबा रस्त्याकडे बघत होते.

"गेला," ताई म्हणाली.

शब्द खरा होता. आवाज गेलाच होता.

शनिवारी दिवसभर तिने पंपहाउसात प्रत्येक नोंद दोनदा लिहिली. रविवारी काही कळलं नाही. सोमवारी धाकट्याला फोन केला तर त्याने उचलला नाही, मंगळवारीही नाही. बुधवारी पंपहाउसातल्या एका बाईने डबा खाताना सहज सांगितलं, "चौकातल्या दातांच्या डॉक्टरीणबाई भाजल्या म्हणे. गाडीचं उकळतं पाणी उडालं. दवाखाना बंद आहे, माझी अपॉइंटमेंट होती." ताईने डब्याचं झाकण लावलं. ते नीट लागेना, म्हणून पुन्हा काढून पुन्हा लावलं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, एका रविवारी, धाकट्याचा फोन आला. "बाबा तुझी आठवण काढतायत. ये जरा."

ती गेली तर गॅरेजात बाबांच्या शेजारी डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. उजवा हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्टीत, बोटांची फक्त टोकं बाहेर. लाल गाडी मागे उभी होती, झाकण उघडं. धाकटा ताईला बघून उभा राहिला आणि तिच्याकडे बोट करून म्हणाला:

"ही बघा आली. खरं सांगायचं तर मॅडम, त्या आवाजाला मी हातच लावला नव्हता. आवाजाचं काम आमच्या घरात ताईचं. लहानपणापासून कान तिचाच, बाबांना विचारा. सगळ्या अवघड गाड्या तीच बघते. तिने तपासली, ती म्हणाली गेला, मी गाडी दिली."

एकतीस वर्षं ज्या वाक्याची ताईने वाट पाहिली होती ते वाक्य हे असं आलं. गिऱ्हाइकासमोर, बाबांसमोर, मोठ्या आवाजात.

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, दमणूक होती. "तुम्ही बघितली होती गाडी?"

"हो."

"घाटात तिसऱ्या वळणावर तापमानाचा काटा एकदम खाली आला. मला वाटलं, गार हवेने गाडी थंड झाली. म्हणून चढवत राहिले."

"इंजिनातलं वरचं पाणी संपलं होतं," ताई म्हणाली. "काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तोवरच काटा खरं सांगतो. पाणी गेलं की थंड दाखवतो."

"वास आला तेव्हा थांबले. मागचं झाकण उचलत होते, तर पाइप फुटला, उरलेलं उकळतं पाणी हातावर आलं."

मग ताईने सगळं सांगितलं. क्रमाने, पंपाची नोंद वाचून दाखवावी तसं. हीटरमधली खळखळ, गार इंजिनाचा टणक पाइप, निळ्याचं पिवळं झालेलं पाणी, गेल्या वर्षी सपाट न केलेलं हेड, जुने बोल्ट. आपण काय म्हणालो, धाकटा काय म्हणाला. बाबांचं वाक्य तेवढं गाळलं. का गाळलं ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिचं संपल्यावर धाकटा हात पसरून म्हणाला, "बघा. तिला सगळं माहीत होतं."

आणि बाबा म्हणाले, "तू सांगायला हवं होतंस, ताई."

ताईने बापाकडे पाहिलं. म्हातारा तिच्या नजरेला नजर देऊन बसला होता, पापणीही न हलवता. तो विसरला नव्हता. त्याने फक्त ठरवलं होतं, आणि बहुधा त्याने हे पहिल्यांदा ठरवलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई उठल्या. डाव्या हाताने पर्स खांद्याला अडकवायला त्यांना वेळ लागला. ताई मदतीला पुढे झाली, तर त्या मागे सरकल्या.

"यांचं मला समजतं," धाकट्याकडे न बघता त्या म्हणाल्या. "यांचा धंदा आहे, माणूस घाबरतो. पण मी तुम्हाला विचारलं होतं. तुमचं काय जात होतं?"

ताईच्या ओठावर उत्तर होतं. रंगाऱ्याने बोर्डावर काढायची चार अक्षरं. त्या पट्टीकडे बघत ते उत्तर देणं शक्य नव्हतं. ती गप्प उभी राहिली आणि डॉक्टरीणबाईंनी तिच्या गप्प राहण्याचा जो अर्थ घ्यायचा तो घेतला.

पुढच्या आठवड्यात ट्रक आला आणि लाल गाडी दुसऱ्या शहरातल्या मिस्त्रीकडे गेली. बाईंनी कुठे तक्रार केली नाही. डॉक्टरीणबाईंच्या हाताची कातडी भरून आली, पण अंगठा आणि शेजारचं बोट पहिल्यासारखं जुळेना. दातांच्या कामात तीच दोन बोटं लागतात. दवाखान्यात त्यांनी एक तरुण डॉक्टर ठेवला. स्वतः शेजारी उभ्या राहून त्याला सांगत, इथे धर, तिथे दाब. काही महिन्यांनी तेही थांबलं.

धाकट्याचं काही अडलं नाही. महिनाभर गिऱ्हाइकं कमी झाली, मग परत आली. "आमच्या ताईकडून एक चूक झाली होती, तेव्हापासून मी बाहेरच्या कुणाला हात लावू देत नाही," असं तो सांगायचा, आणि लोकांना ते पटायचं. चूक कबूल करणारा माणूस लोकांना आवडतो, मग ती दुसऱ्याची का असेना. आवाजाच्या गाड्या तो आता घेतच नसे.

पंपहाउसात ताईचं मात्र बिनसलं. त्या पावसाळ्याआधी एके सकाळी तिला दोन नंबर पंपात काहीतरी ऐकू आलं. बारीक, कधी येणारं, कधी नाही. पूर्वी तिने एक दिवस वाट पाहून पुन्हा ऐकलं असतं. त्या दिवशी तिने साहेबांना न विचारता पंप बंद केला आणि उघडायला लावला. आत काहीही निघालं नाही. बेअरिंग नव्यासारखं. पण शहराच्या तीन भागांना दीड दिवस पाणी मिळालं नाही, बायका हंडे घेऊन फाटकाशी आल्या, आणि साहेबांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या हातात लेखी ताकीद दिली.

"तुम्हाला नक्की ऐकू आलं होतं का ताई?" त्यांनी विचारलं. आवाजात काळजी होती, त्यामुळे ते जास्त लागलं.

"आलं होतं," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "वाटलं तरी तसं."

त्यानंतर साहेबांनी भिंतीवर बसवायचं एक यंत्र मागवलं. ते पंपाची थरथर मोजतं आणि बिघाड असला की लाल दिवा लावतं. ताईचं काम आता दिवा बघायचं. निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत. ती खुर्ची दिव्यासमोर ओढून बसते, दर तासाला आकडा लिहिते, आणि पंपांकडे पाठ असते.